कर्नलमधलं भोक

हेमगिरी पंप्सचे मॅनेजिंग डायरेक्टर शेषगिरी यांना रांगेतला पहिला नंबर कमी वाटला, इथून या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. बंगलोरमधल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात माणसं होती एकशे साठ, पंप होते अगणित आणि इंटरनेटची लाईन होती एक. तीही इतकी बारीक, की तिच्यातून एखाद्याचा फोटो यायचा झाला तर आधी केस यायचे, मग चहाची सुट्टी व्हायची आणि मग कपाळ यायचं. या लाईनीवरून कोणाचं टपाल आधी जाणार, हे ठरवण्याचं काम सूर्यकांत देवस्थळीकडे होतं.

सूर्यकांत कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. विभागात तो सोडून दुसरं कुणीच नसल्यामुळे प्रमुखपद त्याच्याकडे येण्यात काही अडचण आली नव्हती. विभाग म्हणजे स्टोअर्स आणि कॅन्टीन यांच्या मधली एक खोली. तिथे एका भिंतीतून ग्रीसचा आणि दुसऱ्या भिंतीतून सांबाराचा वास यायचा. पुण्याहून येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत ज्याला वायर आहे ते सगळं देवस्थळी सारांचं, असा कारखान्यात समज पसरला होता. लोक कॅल्क्युलेटर आणत, भिंतीवरची घड्याळं आणत. एकदा तर अकाउंट्समधल्या एका बाईंनी इस्त्री आणून दिली. सूर्यकांतने ती दुरुस्त केली, चालवून दाखवली, पण ती गोष्ट त्याच्या मनाला लागली ती लागलीच.

त्याने एका जुन्या, टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतली एक प्रणाली घातली होती. ही प्रणाली कुठल्या कंपनीची नव्हती. जगभरचे हौशी लोक ती मिळून लिहीत आणि तिचा सगळा मजकूर कोणालाही वाचायला उघडा असे. तिच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कुणीही मेल पाठवला की त्याचे छोटे छोटे तुकडे होतात, त्यांना म्हणायचं पॅकेटं, आणि कर्नल या पॅकेटांना रांगेत उभं करून एकेक बाहेर सोडतो. रांगा सोळा, शून्यापासून पंधरापर्यंत. शून्य नंबरवाले आधी जाणार, पंधरावाले सगळ्यांत शेवटी. सूर्यकांतने शेषगिरींना शून्य नंबर दिला होता, सेल्सला एक, अकाउंट्सला दोन, असं करत करत कॅन्टीनला पंधरा.

"देवस्थळी, माझा मेल अजून हळूच जातो," एका सोमवारी शेषगिरी म्हणाले.

"सर, आपला नंबर तर शून्य आहे."

शेषगिरींनी चष्मा काढला. "शून्य? माझा? आणि कॅन्टीनचा किती?"

"पंधरा, सर. पण शून्य म्हणजे सगळ्यांत पुढचा."

"असेल. मला त्याच्याही पुढे घाला."

पहिल्याच्या पुढे काय असतं, हा प्रश्न पुण्यात एखाद्याने विचारला असता तर त्यावर व्याख्यानमाला झाली असती. सूर्यकांतने मात्र खोलीत येऊन दार लावलं आणि थोडा वैतागून, थोडा खोडसाळपणाने, शेषगिरींच्या नावापुढे 'उणे एक' असा आकडा टाकला. प्रणाली आपल्याला झापेल, असा नंबर नसतो म्हणून सांगेल, आणि तो कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवता येईल, एवढाच त्याचा बेत होता.

प्रणालीने चकार शब्द काढला नाही. उणे एक तर उणे एक. पाचव्या मिनिटाला शेषगिरींनी कुणाला तरी मेल पाठवला आणि कॉम्प्युटर जागच्या जागी मेला. पडदा गोठला, कीबोर्डवरचे दिवे लुकलुकायला लागले आणि सगळ्या कारखान्याचं टपाल बंद पडलं. सूर्यकांतने तो परत चालू केला. शेषगिरींनी परत मेल पाठवला. कॉम्प्युटर परत मेला. तिसऱ्या वेळी सूर्यकांतने शेषगिरींना गुपचूप शून्यावर आणून ठेवलं आणि कर्नलचा मजकूर उघडून वाचायला बसला.

दुपारच्या जेवणापर्यंत त्याला चूक सापडली. पॅकेट रांगेत घेण्याआधी कर्नल एकच गोष्ट तपासत होता: नंबर पंधरापेक्षा मोठा नाही ना? उणे एक काही पंधरापेक्षा मोठा नाही. मग या आत. शून्यापेक्षा लहान आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आणि खरी गंमत पुढेच होती. हा नंबर घालायला ना मॅनेजिंग डायरेक्टर असावं लागत होतं, ना ईडीपी प्रमुख. कॅन्टीनमधल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसालाही आपल्या पॅकेटावर उणे एकचा शिक्का मारून सगळा कारखाना बंद पाडता आला असता. आणि ही प्रणाली जगात जिथे जिथे होती तिथे तिथे हेच शक्य होतं.

सूर्यकांतला आधी घाम फुटला. मग हळूहळू, इस्त्रीच्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच, त्याची छाती फुगली. जगभरच्या हौशी लोकांच्या नजरेतून सुटलेलं भोक पीण्यात, ग्रीस आणि सांबार यांच्या मधोमध, त्याला दिसलं होतं. आता त्या लोकांना एक मेल लिहायचा, एवढंच काम. ते चूक दुरुस्त करतील आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे दुरुस्त्यांच्या यादीत शोधणाऱ्याचं नाव छापतील. एक मेल. पंधरा मिनिटांचं काम!

तो मेल जायला सोळा दिवस लागले.

सूर्यकांत मल्लेश्वरमला श्रीधररावांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचा. श्रीधरराव तीन पिढ्यांचे बंगलोरी, टेलिफोन खात्याच्या पत्रव्यवहार विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं होतं की कुठे एक संपून दुसरी सुरू झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी वर जायचं तर त्यांच्या व्हरांड्यातून जावं लागे, आणि दिवसभरात काय घडलं ते सांगितल्याशिवाय जिन्याची वाट मोकळी होत नसे.

"आज चेहरा स्वल्प वेगळा दिसतो की, सूर्यकांत?"

"कर्नलमध्ये एक भोक सापडलं," सूर्यकांतच्या तोंडून निघून गेलं.

श्रीधररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आतून त्यांच्या पत्नी भागीरथीबाई हातात डाव घेऊनच बाहेर आल्या. "अय्यो देवा! कर्नलना? जिवंत आहेत की?"

"फौजेतले कर्नल नव्हेत हो. हे कॉम्प्युटरच्या आत असतात."

"आत कशाला जाऊन बसले?" भागीरथीबाई म्हणाल्या.

शेवटी सूर्यकांतने पंगतीचा आधार घेतला. लग्नाची पंगत धरा, तो म्हणाला. शून्यापासून पंधरापर्यंत पाट मांडलेत. दाराशी उभा असलेला माणूस एवढंच विचारतो, की तुमचा नंबर पंधराच्या पुढचा नाही ना? एक पाहुणा आला, म्हणाला माझा नंबर उणे एक. पंधराच्या पुढचा नाही, बसा म्हणाले. आता उणे एकाचा पाट कुठे असणार? पहिल्या पाटाच्याही अलीकडे. तिथे तर चूल आहे.

"म्हणजे तो चुलीवर बसला!" श्रीधरराव ओरडले.

"बसला. पातेलं कलंडलं, आचारी भाजला, आणि सगळी पंगत उपाशी उठली."

"छे छे छे!" श्रीधररावांना त्या न झालेल्या लग्नाचं इतकं वाईट वाटलं की ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. "मग दाराशी उभ्या राहिलेल्या त्या गाढवाला कुणी सांगायला नको?"

"तेच तर. पत्र लिहिणार आहे त्यांना."

पत्र हा शब्द सूर्यकांतने उच्चारायला नको होता. श्रीधररावांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर विझलेला दिवा पेटला. असं थेट लिहायचं नसतं, त्यांनी बजावलं. तुम्ही कारखान्याचे नोकर, भोक कारखान्याच्या वेळात सापडलेलं. आधी साहेबांची लेखी परवानगी, मग पत्र. नाहीतर उद्या नोकरीवर बेतेल. एवढ्यात समोरच्या घरातल्या सुलभाताई कुंपणाशी आल्या. त्या मुंबईहून दोनच वर्षांपूर्वी आलेल्या, त्यांचे मिस्टर व्हाइटफील्डला नोकरीला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पत्रबित्र राहू दे. आधी पेटंट काढा."

"भोकाचं?"

"का नाही? शोध तुम्ही लावलात ना?"

वर आल्यावर सूर्यकांतने बायकोला, अहल्याला, सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. "अहो, गुपचूप मेल पाठवून मोकळे व्हा ना," ती म्हणाली. या संपूर्ण प्रकरणात सूर्यकांतला मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला. पण तो घरातून आलेला असल्यामुळे त्याने तो मानला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली श्रीधरराव अर्ज टाइप करूनच उभे होते. साहेबांच्या परवानगीचा अर्ज, तीन प्रती, मधे कार्बन. बस निघायला चार मिनिटं होती. सूर्यकांतने न वाचता तिन्हीवर सह्या केल्या. श्रीधररावांनी आदल्या संध्याकाळी सूर्यकांतकडून लिहून घेतलेल्या टिपणातलं इंग्रजी रात्रीतून तपासलं होतं, आणि 'के'ने सुरू होणारा कर्नल हे एका शिकलेल्या माणसाच्या हातून झालेलं अशुद्धलेखन आहे असं ठरवून तो 'सी'ने सुरू होणारा केला होता. त्यामुळे शेषगिरींच्या टेबलावर जो अर्ज पोचला त्याचा विषय होता: कर्नलसाहेबांना पडलेलं भोक, सुरक्षेचा प्रश्न, त्याबाबत.

शेषगिरी अर्जाचा विषय वाचत, मजकूर वाचत नसत. त्यांनी 'सुरक्षा' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: सिक्युरिटी ऑफिसर यांनी योग्य ती कारवाई करून अहवाल द्यावा.

सिक्युरिटी ऑफिसर होते हयवदनराव. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, इंजिनिअर पलटणीतले, पूल बांधणारे. घरी मराठीच बोलणारे, पण श्रीधररावांच्याच जातीचं बंगलोरी मराठी. कारखान्याच्या गेटवर त्यांची तीन रजिस्टरं होती आणि त्यांत खाडाखोड केलेलं एकही अक्षर कुणी पाहिला नव्हता. गुरुवारी सकाळी ईडीपी विभागाचं दार वाजलं तेव्हा हयवदनराव बुटांना पॉलिश करून, छातीवर दोन पदकं लावून उभे होते.

"कर्नलसाहेब कुठे आहेत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

सूर्यकांतला उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली आणि हयवदनरावांची समजूत घालायला पंचवीस. कर्नलसाहेब नाहीतच हे कळल्यावर त्यांनी पदकं काढून खिशात ठेवली. थोडे खट्टू झाले. पण अर्जातलं भोक अजून शिल्लक होतंच.

"भोक तरी आहे की नाही, सार?"

"आहे. याच्यात." सूर्यकांतने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला.

हयवदनरावांनी मागे जाऊन टॉर्च मारला. पंख्यासाठी ठेवलेली जाळी त्यांनी बारकाईने पाहिली. "एक कसं? पुष्कळ आहेत की."

"ती नाहीत हो. ते दिसत नाही."

"सरी, बरं. दिसत नाही." हयवदनरावांनी रजिस्टर उघडलं. "लांबी?"

"लांबी नाही."

"रुंदी?"

"रुंदीही नाही!"

"मग आत येणार कोण त्यातून?"

इथे सूर्यकांतचा तोल गेला. "कोणीही! कॅन्टीनमधून येईल, होसूरहून येईल, अमेरिकेतूनसुद्धा येईल!"

हयवदनरावांनी शांतपणे पेन्सिलला टोक काढलं आणि आकाराच्या रकान्यात लिहिलं: अमेरिकेतून माणूस येईल एवढं. मग स्टोअर्सच्या नावाने दोन पोती सिमेंटची मागणी लिहिली. "काळजी करू नका, सार. मला भोकं बुजवायची पंचवीस वर्षांची सवय आहे."

शुक्रवारी सूर्यकांत बससाठी ताटकळून तासभर उशिरा पोचला. गवंडी काम उरकून गेला होता. विभागाच्या भिंतीत जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे आता गुळगुळीत सिमेंट होतं. ज्या भोकातून टेलिफोनची तार आत येत होती तेही बुजलं होतं, आणि मधे येत होती म्हणून गवंड्याने तार आधी कापली होती. ती पुन्हा जोडून मिळेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत शेषगिरींनी सूर्यकांतला सहा वेळा बोलावून विचारलं, की पुढे घालायला सांगितल्यापासून माझा मेल आणखीच हळू का झाला?

इतक्यात आयएसओ प्रमाणपत्राची तपासणी आली. पीण्यात त्या काळी हे प्रमाणपत्र नसलेला कारखाना म्हणजे लग्न न झालेला मुलगा, लोक कारणं शोधायला लागत. महिनाभर आधीपासून सगळीकडे पाट्या लागल्या होत्या. पाट्यांच्या खोक्यावरही 'पाट्या' अशी पाटी होती. मद्रासहून ऑडिटरबाई आल्या, कस्तुरी त्यांचं नाव. त्यांनी दोन दिवस पंप तपासले, मोजपट्ट्या तपासल्या, आणि तिसऱ्या दिवशी गेटवर जाऊन हयवदनरावांचं रजिस्टर मागितलं.

हयवदनराव खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. नोंद स्वच्छ होती: ईडीपी विभागात भोक. आकार वरीलप्रमाणे. दोन पोती सिमेंट लावलं. ईडीपी प्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे भोक अद्याप आहे.

"सिमेंट लावूनही आहे?" कस्तुरीबाईंनी विचारलं.

"होय, मॅडम."

"आणि अमेरिकेतून माणूस येऊ शकतो?"

"अद्याप कोणी आलेला नाही, मॅडम. आला तर नोंद करतो."

बाईंनी लाल पेन काढलं. गंभीर त्रुटी, उपाय अपूर्ण, शुक्रवारपर्यंत भोक बंद करून दाखवावे, अन्यथा प्रमाणपत्र नाही. शेषगिरींनी सूर्यकांतला केबिनमध्ये बोलावलं, आणि एकशे साठ माणसांच्या कारखान्याचं भवितव्य तुमच्या एका भोकावर लटकलंय, असं सुनावलं. कस्तुरीबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी सूर्यकांतचं म्हणणं मात्र पहिल्यांदाच, शेवटपर्यंत, मधे न बोलता ऐकून घेतलं. त्याला तेवढ्यानेच भरून आलं.

"पण हे सापडलं कसं?" त्यांनी विचारलं.

शेषगिरींनी पेपरवेट फिरवायला सुरुवात केली. आपल्या मनातलं बोलावं अशी तीव्र इच्छा सूर्यकांतला झाली. सहा वर्षांत इतकी चांगली संधी आली नव्हती. पण संध्याकाळी घरी जाऊन अहल्याला नोकरी गेल्याचं कोणत्या तोंडाने सांगणार?

"एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी चाचणी घ्यायला सुचवलं होतं, मॅडम," तो म्हणाला.

"वा! व्यवस्थापनाचा पुढाकार," असं बाईंनी लिहून घेतलं. शेषगिरींनी पेपरवेट खाली ठेवला आणि सूर्यकांतसाठी कॉफी मागवली.

खरं तर दुरुस्ती एका ओळीची होती. नंबर शून्यापेक्षा लहान असेल तर परत पाठवा, बस. पण एक ओळ बदलली की अख्खा कर्नल नव्याने रचून घ्यावा लागे, आणि त्या टाकाऊ कॉम्प्युटरला त्यासाठी साडेतीन तास लागत. बुधवारी तीन तास झाले आणि वीज गेली. सूर्यकांतने पुन्हा सुरू केलं. सव्वातीन तास झाले आणि पुन्हा गेली. गुरुवारी हयवदनरावांनी गेटवरचा जनरेटर आपल्या सहीने ईडीपीला जोडून दिला आणि स्वतः त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी गेटवर काय आलं नि काय गेलं ते देवाला ठाऊक, पण कर्नल पूर्ण झाला.

शुक्रवारी अकरा वाजता त्या छोट्या खोलीत शेषगिरी, कस्तुरीबाई, हयवदनराव आणि दारात दाटी केलेलं अर्धं अकाउंट्स, एवढी मंडळी जमली. सूर्यकांतने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आधी जुना कर्नल चालू आहे," तो म्हणाला. "भोक खरंच होतं हे मी दाखवतो." त्याने उणे एकचा शिक्का मारून एक पॅकेट सोडलं. कॉम्प्युटर मेला, दिवे लुकलुकले. सूर्यकांतने विजयी मुद्रेने मागे पाहिलं. कस्तुरीबाई पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांचा एकेचाळीस पानांचा अहवाल त्या कालपासून अकाउंट्समधल्या कॉम्प्युटरवर टाइप करत होत्या, आणि तो साठत होता याच डब्यात.

"किती गेला?" त्यांनी विचारलं.

सूर्यकांतने डबा पुन्हा चालू करून पाहिलं. "एकोणीस पानं आहेत, मॅडम."

"भोक होतं," बाई म्हणाल्या. "मला पटलं."

मग नवा कर्नल चालू झाला. सूर्यकांतने पुन्हा उणे एकचं पॅकेट सोडलं. सगळ्यांनी श्वास रोखला. एक मिनिट गेलं. दोन गेली. कोणीतरी शिंकलं.

"काय झालं?" शेषगिरींनी विचारलं.

"काहीच झालं नाही, सर."

"मग दाखवताय काय?"

"हेच, सर. काही झालं नाही, हेच."

शेषगिरींनी अशा नजरेने पाहिलं, की यापेक्षा इस्त्री बरी होती असं सूर्यकांतला वाटलं. दारातली गर्दी पांगली. फक्त कस्तुरीबाईंनी 'त्रुटी बंद' असं लिहिलं आणि उरलेली बावीस पानं पुन्हा टाइप करायला, या वेळी टाइपरायटर मागवून, निघून गेल्या. प्रमाणपत्र मिळालं. ते गेटजवळ फ्रेम करून लावलं.

आता मेल पाठवायला कुणाचीच हरकत नव्हती. शेषगिरींनी फक्त एक नियम करून टाकला: सुरक्षेसंबंधी जे काही कारखान्याबाहेर जाईल ते सिक्युरिटी ऑफिसरच्या नावाने आणि सहीने जाईल. सूर्यकांतने मजकूर लिहिला, दुरुस्तीची ओळ जोडली, खाली हयवदनरावांचं नाव आणि हुद्दा घातला, आणि सोळाव्या दिवशी तो मेल एकदाचा गेला. आपलं नाव त्यात नाही याचं त्याला फार काही वाटलं नाही. सगळ्यांना कळेलच की, असं तो धरून चालला.

चार दिवसांनी प्रणालीची नवी आवृत्ती निघाली. दुरुस्त्यांच्या यादीत सातव्या ओळीला लिहिलं होतं: रांगेच्या नंबरातली घातक चूक, शोधून दुरुस्त केली हयवदन, सिक्युरिटी ऑफिसर, बंगलोर, यांनी. त्यांचे आभार.

सूर्यकांतने यादी तीन वेळा वाचली, छापली आणि कागद खिशात घालून घरी गेला. व्हरांड्यात ती सगळ्यांनी वाचली. "नोटीस द्या," श्रीधरराव कडाडले, "मी ड्राफ्ट करतो." सूर्यकांतने हात जोडले. सुलभाताई कुंपणावरून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, पेटंट काढा." भागीरथीबाईंनी एवढंच विचारलं, की कर्नल आता बरे आहेत ना? वर अहल्याने ती ओळ वाचली, कागद नीट घडी करून कपाटात ठेवला आणि त्या संध्याकाळी काही न विचारता थालीपीठ लावलं. तिला या सगळ्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण नवऱ्याला काय लागलंय ते नेमकं कळलं होतं.

सूर्यकांतने हयवदनरावांशी बोलणं सोडलं. गेटमधून जाताना तो आकाशाकडे बघत जायचा. दुसऱ्याच दिवशी तो असाच बघत जाऊन आडव्या दांड्यावर आदळला आणि हयवदनरावांनीच त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं. तरी तो बोलला नाही. स्वाभिमान म्हणजे स्वाभिमान!

शनिवारी दुपारी विभागाचं दार वाजलं. हयवदनराव हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊन उभे होते. चेहरा उतरलेला.

"सार, हे लोक मला पत्रं लिहितात. फिनलंड म्हणून कुठे आहे, तिथून एकाने विचारलंय की तुम्ही भोक कसं ओळखता. मी काय सांगू?"

"सांगा, टॉर्चने ओळखतो," सूर्यकांत तुटकपणे म्हणाला.

हयवदनराव रागावले नाहीत. त्यांनी ती यादी काढली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "एकतीस वर्षं रजिस्टर लिहितो मी. आजपर्यंत एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या रकान्यात गेलं नाही. हे बघा, माझंच नाव चुकीच्या ठिकाणी. चार दिवस जेवण गोड लागत नाही की हो. दुरुस्त करायचं. लिहा, मी सांगतो."

"साहेबांचा नियम आहे ना, की सुरक्षेचं पत्र—"

"सिक्युरिटी ऑफिसरच्या सहीने जायचं. मीच आहे की सिक्युरिटी ऑफिसर. लिहा."

आणि हयवदनराव सावधान उभे राहून सांगत गेले, सूर्यकांत लिहीत गेला. आपल्या रजिस्टरातली सातव्या क्रमांकाची नोंद चूक आहे. भोक श्री. देवस्थळी यांनी पाहिले, श्री. देवस्थळी यांनीच बुजवले. माझा संबंध दोन पोती सिमेंटपुरता, आणि तेही उपयोगी पडले नाही. तरी नोंद दुरुस्त करून कळवावे. लिहिता लिहिता सूर्यकांतला नीट दिसेना म्हणून त्याने चष्मा पुसला, आणि बाजूच्या कॅन्टीनमध्ये मिरचीची फोडणी पडली आहे असं उगाचच बोलून दाखवलं.

उत्तर मंगळवारी आलं. नोंद दुरुस्त झाली होती. शोध आणि दुरुस्ती, देवस्थळी, बंगलोर. हयवदनरावांनी ते स्वतः वाचलं, मान हलवली आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली. मग गेले नाहीत. घुटमळत राहिले.

"एक विचारू, सार? एवढं सगळं झालं, पण ते भोक मी बघितलंच नाही."

सूर्यकांतने खुर्ची दिली आणि पडद्यावर ती जागा उघडली. वरची जुनी ओळ दाखवली, खालची आपली नवी. नंबर पंधरापेक्षा मोठा आहे का? परत पाठवा. शून्यापेक्षा लहान आहे का? परत पाठवा. हयवदनरावांनी चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून दोन्ही ओळी पाहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मी गेटवर रोज करतो की! इकडून कोण, तिकडून कोण." त्यांचा आवाज चढला. "आधी इथे एकाच बाजूला माणूस उभा होता म्हणा ना. दुसरी बाजू उघडी. कुठल्या मूर्खाने ड्यूटी लावली?"

सहा वर्षांत आपलं काम कोणाला तरी असं लख्ख कळलेलं सूर्यकांत पहिल्यांदाच पाहत होता.

"अशा ओळी किती आहेत यात?" हयवदनरावांनी विचारलं.

"सगळ्या मिळून? अठरा लाख असतील."

"आणि त्या कोणी तपासल्या?"

"तशा... कोणीच सगळ्या नाही."

हयवदनरावांनी खुर्ची पुढे ओढली, खिशातली पेन्सिल काढली, मांडीवर नवं कोरं रजिस्टर उघडलं आणि उभी रेघ मारून रकाने पाडले.

"चला," ते म्हणाले. "पहिली ओळ वाचा, सार."